चांदीचा डोंगर, पत्र्याची मशीद

एका गावातल्या रस्त्यांची नावं सांगतो, ऐका. अर्जंट स्ट्रीट, क्लोराइड स्ट्रीट, ऑक्साइड स्ट्रीट, सल्फाइड स्ट्रीट, ब्रोमाइड, आयोडाइड, कोबाल्ट, बेरिल, क्रिस्टल. मी बी.ए. झालेला माणूस, रसायनशास्त्राचा आणि माझा संबंध दहावीला संपला. त्यामुळे ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेतलं फडताळ आठवलं आणि चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या डोळ्यांपुढं आल्या. आपल्याकडं रस्त्याला पुढाऱ्याचं नाव देतात, देवाचं देतात, फार तर जुन्या पेठेच्या वाराचं देतात. या गावानं जमिनीखाली जे सापडलं त्याचीच नावं रस्त्यांना दिली. अर्जंट म्हणजे चांदी. गावातला सगळ्यात मोठा बाजाररस्ता तोच.

गावाचं नाव ब्रोकन हिल. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या अगदी पश्चिम टोकाला, वैराण प्रदेशात ते वसलंय. राज्याची राजधानी सिडनी तिथून साडेअकराशे किलोमीटरवर, तर शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडलेड पाचशे किलोमीटरवर. त्यामुळे गावाचा सगळा व्यवहार शेजारच्या राज्याशी. इतका की गावातली घड्याळंही ॲडलेडच्या वेळेनं चालतात, सिडनीपेक्षा अर्धा तास मागं. बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला हे चटकन कळेल. सरकारी कागदावरचं गाव एक आणि सोयरिकीचं गाव दुसरं.

ही भूमी मुळात विल्याकाली लोकांची. पाणी कुठल्या खडकात साठतं, कोणत्या ऋतूत कुठं सरकायचं, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. १८४४ मध्ये चार्ल्स स्टर्ट नावाचा इंग्रज संशोधक या भागात आला. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी मोठा समुद्र असणार, अशी त्याची खात्री होती. म्हणून त्या वाळवंटातून त्यानं गाड्यांबरोबर एक होडीही ओढत आणली. समुद्र काही मिळाला नाही, होडी कोरडीच राहिली. वाटेत आडव्या आलेल्या डोंगररांगेला त्यानं 'बॅरिअर', म्हणजे अडसर, असं नाव दिलं. त्याच रांगेतली एक मोडल्यासारखी दिसणारी टेकडी त्याच्या नोंदीत आली. पुढं तीच ब्रोकन हिल झाली.

त्यानंतर मेंढ्या आल्या. हजारो एकरांची कुरणं, लांबच लांब तारेची कुंपणं आणि त्या कुंपणांवर घोड्यावरून पहारा करणारे नोकर. माउंट गिप्स नावाच्या अशाच एका मेंढीवाड्यावर चार्ल्स रास्प हा जर्मन माणूस कुंपणराख्याचं काम करत होता. पंचविसेक किलोमीटरवर सिल्व्हरटन नावाचं गाव चांदी सापडल्यामुळं तेव्हा जोरात होतं, त्यामुळं ज्याला त्याला दगड उचलून बघायचा नाद लागला होता. रास्पकडं खनिजं ओळखण्याचं एक लहानसं पुस्तक होतं. ५ सप्टेंबर १८८३ रोजी त्यानं त्या काळपट, मोडक्या टेकडीवरच्या जमिनीला खुंट्या ठोकून हक्क सांगितला. दगड पाहून त्याला वाटलं, हे कथील असणार. लहानपणी आमच्या गल्लीत भाता घेऊन कल्हईवाला यायचा, तेवढीच माझी कथलाशी ओळख. आपली म्हण आहे, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. इथं उलटं घडलं. माणूस कथील शोधत होता आणि पायाखाली जगातल्या सर्वांत मोठ्या चांदी-शिसं-जस्ताच्या साठ्यांपैकी एक होता. सुमारे सात किलोमीटर लांबीचा तो साठा बूमरँगसारखा वाकलेला आहे.

पण हे लगेच कळलं नाही. मेंढीवाड्याचा व्यवस्थापक जॉर्ज मॅक्‌कुलक, रास्प आणि इतर पाच अशा सात जणांनी प्रत्येकी सत्तर पौंड घालून भागी केली. दगड तपासायला पाठवले, तर निकाल निराश करणारा. शिसं थोडं, चांदी नावापुरती. महिन्यामागून महिने गेले, खिसे रिकामे झाले आणि भागीदार कंटाळून आपापले हिस्से तोडून विकू लागले. सिडनी किडमन हा गुरांचा व्यापारी पुढं ऑस्ट्रेलियाचा 'गुरांचा राजा' म्हणून गाजला. त्यानं दहा बैलांच्या बदल्यात खाणीचा चौदावा हिस्सा घेतला आणि थोडासा नफा दिसताच विकूनही टाकला. दुसरा एक चौदावा हिस्सा मॅक्‌कुलकनं पत्त्यांच्या डावावर किंमत ठरवून एका तरुणाला शंभर-सव्वाशे पौंडांना दिला, असं सांगतात. काही वर्षांतच अशा एकेका हिश्श्याची किंमत लाखो पौंडांत गेली. त्या गावातले म्हातारे पुढं कितीतरी वर्षं एकमेकांना 'दहा बैल' म्हणून चिडवत असतील तर मला नवल वाटणार नाही.

१८८५ च्या सुमाराला खऱ्या चांदीचा दगड हाती आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनी उभी राहिली. ब्रोकन हिल प्रोप्रायटरी कंपनी, म्हणजेच बीएचपी. आज जगातल्या सर्वांत मोठ्या खाण कंपन्यांत जिचं नाव घेतात ती हीच. ती मूळ टेकडी मात्र उरली नाही. माणसांनी ती खोदून, फोडून, दळून संपवली. ज्या टेकडीवरून गावाला आणि कंपनीला नाव मिळालं, ती नावापुरतीच राहिली.

मग तंबू पडले, तंबूंची पत्र्याची घरं झाली, पत्र्याच्या घरांचं गाव झालं. सिल्व्हरटन ओस पडू लागलं. लोकांनी तिथली घरं मोडून गाड्यांवर लादली आणि ब्रोकन हिलला आणून पुन्हा उभी केली. १८९१ पर्यंत नव्या गावाची वस्ती वीस हजारांच्या घरात गेली. दारूचे गुत्ते इतके निघाले की मोजणाऱ्यानं कंटाळावं. दारूबंदीवाल्या सज्जनांना हे बघवेना. त्यांनी १८८९ मध्ये अर्जंट स्ट्रीटवर तीन मजली देखणी इमारत बांधली, लाकडी सज्जे असलेली, आणि तिला नाव दिलं कॉफी पॅलेस. तिथं दारू मिळणार नाही, फक्त कॉफी. दिवसभर खाणीत धूळ गिळून आलेला माणूस कॉफी पिईना. धंदा बसला. १८९२ मध्ये त्याच इमारतीला दारूचा परवाना मिळाला आणि तेव्हापासून पॅलेस हॉटेल व्यवस्थित चाललं.

हसण्यासारखं इतकंच. बाकी त्या गावातलं जगणं कठीण होतं. पाणी नव्हतं. १८८८ मध्ये विषमज्वराची साथ आली ती घाणेरड्या पाण्यामुळंच. पाणी बादलीवर विकलं जाई, दुष्काळात आगगाडीनं आणावं लागे. डार्लिंग नदीवरच्या मेनिंडीहून पाइपलाइननं भरवशाचं पाणी यायला १९५२ साल उजाडलं. आपल्याकडं मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते २०१६ मध्ये. तहानलेल्या गावाला रुळावरून येणाऱ्या पाण्याची वाट बघणं म्हणजे काय, हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको.

दुसरं संकट शिशाचं. सुरुवातीला धातू गाळणाऱ्या भट्ट्या गावातच होत्या. त्यांच्या धुरातून शिसं अंगावर, भांड्यांत, पाण्याच्या टाक्यांत पडायचं. पोटात कळा, हात लुळे पडणं, झटके येणं. कामगार म्हणत, याला शिसं लागलं. शिवाय भट्ट्यांना आणि खाणीतल्या टेकूंना लाकूड हवं, म्हणून आजूबाजूची मलगाची झाडं कोसच्या कोस तोडली गेली. झाडं गेली, मेंढ्यांनी गवत संपवलं आणि वाळूची वादळं थेट घरात शिरू लागली. यावर उपाय काढला तो खाणीतच नोकरी करणाऱ्या अल्बर्ट मॉरिस या वनस्पतीवेड्या माणसानं. १९३६ पासून त्यानं गावाभोवतीची जमीन कुंपण घालून मेंढ्या-सशांपासून राखली आणि तिथलीच झाडं-झुडपं पुन्हा वाढू दिली. तो १९३९ मध्ये वारला, पण त्याचा हिरवा पट्टा गावाभोवती अजून आहे.

आता या गोष्टीत मुंबईचा एक धागा येतो, तो सांगतो. आपल्याकडं त्या काळी कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कोलकात्याच्या टाकसाळीत जावं आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. जगातल्या चांदीला हिंदुस्थान हे मोठं गिऱ्हाईक होतं. २६ जून १८९३ रोजी सरकारनं ही मुभा बंद केली. जगभर चांदीचा भाव कोसळला. कोटातल्या टाकसाळीचं दार मिटलं आणि हजारो मैलांवरच्या त्या वाळवंटी गावातल्या खाणींना त्याचा तडाखा बसला. त्यात वरच्या थरातली सोपी चांदी संपत आली होती. खाली होता शिसं आणि जस्त एकमेकांत घट्ट मिसळलेला सल्फाइडचा दगड. जस्त वेगळं काढता येईना, म्हणून ते कचऱ्याबरोबर फेकलं जात होतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत याच गावात त्याची युक्ती सापडली. दगड बारीक दळायचा, पाण्यात कालवायचा, थोडं आम्ल किंवा तेल घालायचं आणि बुडबुडे उठवायचे. धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात, माती तळाला राहते. ताक घुसळल्यावर लोणी वर येतं ना, जवळजवळ तसंच. ज्याला कचरा म्हणून टाकलं होतं त्या ढिगांतून मग जस्त निघू लागलं. पुढं ही रीत जगभर गेली. आपल्या राजस्थानातल्या जस्ताच्या खाणींतही धातू असाच तरंगवून काढतात.

ही झाली मालाची गोष्ट. माल काढणाऱ्यांची वेगळी आहे. ब्रोकन हिलचं नाव ऑस्ट्रेलियात जसं चांदीसाठी घेतात तसंच संपांसाठी घेतात. १८९२ मध्ये कंपन्यांनी ठेक्यानं काम द्यायचं ठरवलं, तेव्हा कामगार चार महिने संपावर गेले. पुढाऱ्यांना दूरच्या गावी नेऊन खटला चालवला, तुरुंगात घातलं, संप मोडला. १९०९ मध्ये इंग्लंडहून आलेला पुढारी टॉम मान पकडला गेला. न्यू साउथ वेल्समध्ये भाषण करायचं नाही, या अटीवर जामीन मिळाला. त्यानं अट मोडली नाही. तो राज्याची हद्द ओलांडून कॉकबर्नला गेला. मागोमाग ब्रोकन हिलचे हजारो कामगार रेल्वेनं तिथं गेले आणि हद्दीपलीकडं सभा दणक्यात झाली.

सगळ्यात मोठा संप १९१९-२० चा, अठरा महिन्यांचा. गिरणी संप पाहिलेल्या मुंबईकरांना अठरा महिन्यांत घराची काय अवस्था होते ते सांगायला नको. पण इथं शेवट वेगळा झाला. डॉक्टरांच्या पथकानं खाणकामगारांची छाती तपासली, शेकडो जणांची फुप्फुसं धुळीनं निकामी झालेली निघाली. त्यांना भरपाई मिळाली आणि आठवड्याला पस्तीस तासांचं काम मंजूर झालं. हे १९२० मध्ये, जेव्हा जगात अठ्ठेचाळीस तासांसाठीही भांडावं लागत होतं. पुढं सर्व कामगार संघटनांची मिळून एक परिषद झाली आणि गावाचा कारभार जवळजवळ तिच्याच शब्दावर चालू लागला. तिचे नियमही कडक. बाहेरच्याला खाणीत काम नाही, लग्न झालेल्या बाईला नोकरी नाही. दुसरा नियम १९८१ पर्यंत टिकला. कामगारांच्या त्या राज्यातही उंबरठा कुणासाठी तरी होताच.

आणि हा उंबरठा ज्यांना फार आधी लागला, त्यांची गोष्ट मला आज मुख्यतः सांगायची आहे.

रेल्वे यायच्या आधी आणि आल्यावरही, त्या प्रदेशात मेंढीवाड्यांना पीठ, चहा, साखर, कुंपणाची तार कोण पोचवायचं? लोकरीचे गठ्ठे कोण आणायचं? बैल आणि घोडे पाण्यावाचून मरत. ते काम केलं उंटांनी. आणि उंट आले कराचीहून, त्यांच्या हाकणाऱ्यांसह. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, हेही लक्षात ठेवा. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी चोवीस उंट मेलबर्नला उतरले. त्यांच्याबरोबर आलेला दोस्त महंमद हा उंटवाला पुढं उंटाच्याच चाव्यानं हाताला अधू झाला. त्याची कबर मेनिंडीजवळ आहे, ब्रोकन हिलपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. १८६६ मध्ये थॉमस एल्डर या धनिकानं शंभरावर उंट आणले, आणि मग ओघच सुरू झाला. १९२० पर्यंत दोन ते चार हजार उंटवाले आले असावेत, असा अंदाज आहे.

तिथले लोक त्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, थोडक्यात 'घान'. प्रत्यक्षात त्यांत पठाण होते, बलुच होते, सिंधी होते, पंजाबी होते. पुष्कळसे ब्रिटिश हिंदुस्थानचेच प्रजाजन. उंटाला बसवण्याची त्यांची हाक 'हूश्टा' ऑस्ट्रेलियन इंग्रजीत शिरली. एक दणकट उंट पाच-सहाशे किलो ओझं उचलायचा. खाणींची यंत्रं, पाणी, टपाल, तारायंत्राचे खांब, रुळांचे लाकडी दांडके, जे म्हणाल ते या उंटांनी वाहिलं. आपलंच काम संपवणारी रेल्वे उभारायलाही त्यांनी मदत केली.

त्यांची वस्ती गावाबाहेर. बायका-मुलांना आणायला बंदी. करार तीन वर्षांचा, संपला की परत जा. काहींनी आदिवासी बायकांशी, काहींनी गोऱ्या बायकांशी लग्नं केली आणि तिथंच राहिले. बैलगाड्या-घोडागाड्या हाकणाऱ्या गोऱ्या गाडीवानांना ते डोळ्यांत सलत, कारण उंट स्वस्त पडे. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं आणि पहिल्याच वर्षी गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ न देणारा कायदा झाला. येणाऱ्याला युरोपातल्या कुठल्याही भाषेत शुद्धलेखन घालायचं. लिहिता आलं नाही तर चालता हो. कामगार संघटनांचा या धोरणाला पाठिंबा होता. मालकाशी दोन हात करणारी तीच माणसं, आणि उंटवाल्यापुढं दार लावून घेणारीही तीच.

गावाच्या उत्तरेला उंटांच्या तळावर १८९१ च्या सुमाराला या लोकांनी एक मशीद बांधली. पन्हाळी पत्र्याची. गावातली घरं पत्र्याची, तशी मशीदही. मिनार नाही, घुमट नाही. वुजूसाठी बाहेर पाण्याची छोटीशी सोय. मी तिचं छायाचित्र पाहिलं तेव्हा मला कोकणातल्या, मराठवाड्यातल्या कितीतरी गरीब वाड्यांतल्या मशिदी आठवल्या. उन्हात पत्रा तापला की आतल्या नमाजीला घाम फुटत असणार, हेही लगेच मनात आलं.

या मशिदीच्या माणसांच्या गोष्टीवर एक काळी सावली पडलेली आहे. ती टाळून पुढं जाणं बरोबर होणार नाही.

१ जानेवारी १९१५. पहिलं महायुद्ध सुरू होऊन पाच महिने झालेले. ब्रोकन हिलहून सिल्व्हरटनला सहलीची गाडी निघाली. दगड वाहणाऱ्या चाळीस उघड्या वाघिण्यांत बाराशे बाया-माणसं-पोरं, नवीन वर्षाची, डबे-टोपल्या घेऊन. गावापासून थोड्या अंतरावर रुळांशेजारी आइस्क्रीमची एक हातगाडी उभी होती, तिच्यावर घरी शिवलेला तुर्की झेंडा. मातीच्या आडोशाला दोन माणसं बंदुका घेऊन पडली होती. पहिले बार ऐकून पुष्कळांना वाटलं, सणाचेच आहेत. मग माणसं कोसळली. सतरा वर्षांची अल्मा कॉवी गेली. विल्यम शॉ गेला. जवळून चाललेला अल्फ्रेड मिलर्ड गेला. पाठलाग सुरू असताना आपल्या घराजवळ असलेला जेम्स क्रेग गेला. सात जण जखमी झाले. पोलीस, सैनिक आणि बंदुका घेतलेले गावकरी यांनी त्या दोघांना पांढऱ्या खडकांजवळ घेरलं. एक जागीच मेला, दुसरा रुग्णालयात.

एक होता मुल्ला अब्दुल्ला, वय साठीच्या आसपास. तळावर नमाज पढवायचा आणि हलाल कापायचा. दुसरा गुल महंमद, आफ्रिदी पठाण, चाळिशीचा. पूर्वी तुर्की सैन्यात राहून आलेला, मग खाणीत कामाला, मग आइस्क्रीमवाला. ब्रोकन हिलचं जस्त जर्मनी-बेल्जियमच्या भट्ट्यांना जायचं. युद्धानं ते गिऱ्हाईक तुटलं, खाणींचं काम आटलं आणि गुलची नोकरी गेली. अब्दुल्लाला काही दिवस आधी दंड झाला होता, परवान्याच्या जागेबाहेर बकरं कापलं म्हणून. त्याचा फेटा बघून पोरं दगड मारत, म्हणून त्यानं फेटा बांधणं कधीचं सोडलं होतं. दोघांच्या चिठ्ठ्या नंतर सापडल्या. एकीत सुलतानाची आज्ञा होती, दुसरीत स्वच्छता निरीक्षकाचा राग.

वर्तमानपत्रांनी लिहिलं, तुर्कांचा हल्ला. दोघांतला एकही तुर्क नव्हता. त्या रात्री जमावानं जर्मन क्लब जाळला, कारण यामागं जर्मनच असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. मग जमाव उंटांच्या तळाकडं निघाला. वाटेत पोलीस आणि सैनिक आडवे उभे राहिले म्हणून तळ वाचला. दोघांची प्रेतं पोलिसांनी गुपचूप पुरली.

मी या प्रसंगाविषयी बराच विचार केला आहे. अल्मा कॉवीचा काय गुन्हा होता? सहलीला निघालेल्या पोरीवर गोळी झाडणाऱ्याची बाजू घेता येत नाही. दंड झाला, दगड खाल्ले, नोकरी गेली, हे सगळं खरं असूनही घेता येत नाही. पण मग तळावरच्या बाकीच्यांचं काय? त्या रात्री पत्र्याच्या मशिदीच्या आसपास बसलेल्या माणसांनी चाळीस वर्षं या मुलखाला पीठ-पाणी पुरवलं होतं, आणि दोघांच्या तीन तासांपुढं त्यांचा तो हिशेब कुणाला आठवेना. मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रमानंतर कुणीतरी भला माणूस येऊन म्हणतो, 'तुमचं मराठी किती छान आहे हो!' त्याचा हेतू चांगलाच असतो. मी हसून आभार मानतो. माझी आई ज्या भाषेत जात्यावर बसायची ती भाषा मला येते याचं त्याला नवल वाटतं, आणि दूर कुठं स्फोट झाला की हाच माणूस माझ्याकडं उत्तर मागितल्यासारखा बघतो. त्यामुळे त्या रात्री तळावर दिवे विझवून बसलेल्यांच्या छातीत काय होत असेल, ते मला पुस्तकात शोधावं लागलं नाही.

पुढं मोटारी आल्या, मालमोटारी आल्या. उंटांचं काम संपलं. १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियानं भटक्या उंटांना गोळी घालण्याची परवानगी देणारा कायदा केला. जन्मभर ज्यांच्या पाठीवर पोट भरलं त्यांना मारवेना, म्हणून कित्येक उंटवाल्यांनी आपले उंट रानात सोडून दिले. त्यांची लाखोंची प्रजा आज ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात मोकाट फिरते. ॲडलेडहून उत्तरेला धावणाऱ्या प्रसिद्ध गाडीचं नाव 'घान' आहे. ज्यांना तुच्छतेनं त्या नावानं हाक मारली, त्यांच्या आठवणीचं ते आता प्रवासी खेचणारं नाव झालं.

बीएचपीनं १९३९ मध्ये ब्रोकन हिल सोडलं. इतर कंपन्या राहिल्या, खाणकाम आक्रसत गेलं. गावाची वस्ती एकेकाळी तीस हजारांवर होती, २०२१ च्या जनगणनेत ती साडेसतरा हजारांच्या आसपास भरली. खाणीतून बाहेर पडलेला प्रो हार्ट हा चित्रकार इथलाच, २००६ मध्ये वारला. 'मॅड मॅक्स'चा दुसरा भाग सिल्व्हरटनच्या माळावर चित्रित झाला, त्यामुळं ओस पडलेल्या त्या गावाला पुन्हा पाहुणे मिळाले. २०१५ मध्ये ब्रोकन हिल हे राष्ट्रीय वारसा यादीत जाणारं ऑस्ट्रेलियातलं पहिलं शहर ठरलं.

पत्र्याची मशीद वाचली ती गावातल्या इतिहास मंडळामुळं. साठच्या दशकात तिची मोडकळ झाली होती. मंडळानं तिची दुरुस्ती केली, तिथं लहानसं संग्रहालय केलं. म्हणजे १९१५ च्या त्या रात्री जिच्याकडं जमाव मशाली घेऊन निघाला होता, तिची निगा त्याच गावानं राखली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. गावाला आपला राग आठवत असतो, तसं आपलं देणंही उशिरा का होईना आठवतं.

गावाच्या डोक्यावर, मातीच्या ढिगाऱ्यावर, २००१ पासून खाणकामगारांचं स्मारक आहे. खाणीत मेलेल्या आठशेवर माणसांची नावं तिथं लिहिली आहेत, आणि कोण कशानं गेला तेही. दगड कोसळून, पडून, स्फोटात. वाचत गेलं की चांदीचा भाव कळतो.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं आज सिडनीत, मेलबर्नला आहेत. कधी त्यांच्याकडं गेलात आणि समुद्रकिनारे बघून झाले, तर त्यांना म्हणावं, एकदा ब्रोकन हिलला चला. स्मारकावर जा, मग उतरून उत्तरेच्या टोकाची ती मशीद बघा, आणि येताना रुळांजवळच्या पांढऱ्या खडकांपाशी थोडं थांबा. तिन्ही ठिकाणं एका दिवसात होतात. फक्त घड्याळ अर्धा तास मागं करायला विसरू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)